शिकलेलं रक्तात उतरतं का? रानडुक्कर, सरडा, बोंडअळी आणि माळढोक

अंबाजोगाईकडच्या एका शिक्षकांनी विचारलंय. घरची शेती आहे, शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "मक्यात भोंगा लावला की रानडुकरं चार दिवस येत नाहीत, पाचव्या दिवशी भोंग्याखालीच कणसं मोडतात. वानरांना गोफणीत दगड आहे का नुसतीच दोरी फिरवतोय, हे लांबून कळतं. माळढोक मात्र काही शिकला नाही आणि आमच्या भागातून गेला. मग उत्क्रांतीत हुशार तोच टिकतो, असं वर्गात सांगू का? आणि हे शिकलेलं पुढच्या पिढीच्या रक्तात उतरतं का? शेवटचं, या डुकरांचं काय करू?"

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर "अर्धंच खरं" असं आहे आणि दुसऱ्याचं "नाही, पण". या "पण"वर जरा जास्त बोलणार आहे. मी प्राणीशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. बत्तीस वर्षं परभणी, जालना, बीड या पट्ट्यात पिकांवरच्या किडींच्या मागं फिरलो. त्यामुळं डुकरांपेक्षा अळ्याच जास्त येतील, चालवून घ्या.

आधी भोंगा. तुमच्या डुकराला भोंग्याचं गुपित कळलं, असं समजू नका. घाबरून पळण्याला किंमत मोजावी लागते: पोट रिकामं राहतं, पळण्यात ताकद जाते. आवाज रोज येतो आणि त्यातून इजा काहीच होत नाही, असं झालं की मेंदू त्या आवाजाकडं लक्ष देणं सोडतो. आपण याला सरावणं म्हणतो, शास्त्रातही जवळपास तेच म्हणतात. बुजगावण्यावर बसणारा कावळा याच वाटेनं तिथं पोचलेला असतो. मादीमागं चार-सहा पिल्लं चालत असतात, आई थांबली नाही की तीही थांबत नाहीत. दोन हंगामांत सगळा कळप सरावतो आणि या सगळ्यात एकही जनुक बदललेलं नसतं. तोच कळप उद्या नव्या डोंगरात नेऊन सोडला, तर पहिल्या भोंग्याला पुन्हा पळेल.

म्हणजे शिकलेलं पुढच्या पिढीत जातं, पण रक्तातून जात नाही. आईच्या मागं चालून जातं. रक्तातून येते ती शिकण्याची ऐपत. आता ही ऐपत असल्यानं उत्क्रांतीला जोर येतो की ती मंदावते? माझा अनुभव आणि वाचन दोन्ही सांगतं की दोन्ही होतं, आणि कधी कधी एकाच प्राण्यात दोन्ही होतं.

सरडा घ्या. मे महिन्यात दुपारी आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो. बांधावरचा सरडा काय करतो? बाभळीच्या खोडाला फिरून सावलीच्या अंगाला जातो. झालं. बाहेर ४३ असेल, त्याच्या अंगाला ते पोचतच नाही. जे अंगाला पोचत नाही, त्यावर निसर्गाची निवड (कोण वाचणार, कोण मरणार) कशी होणार? उष्णता सोसणारा सरडा आणि न सोसणारा सरडा, दोघंही सावलीत बसून वाचतात.

कॅरिबियन समुद्रात हिस्पॅनिओला नावाचं बेट आहे. तिथल्या ॲनोलिस सरड्यांवर मार्था मुन्योझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. समुद्रकाठापासून २,००० मीटरच्या वर डोंगरापर्यंत त्यांनी सरडे तपासले. उष्णता सोसण्याची ताकद खाली आणि वर जवळपास सारखीच निघाली. थंडी सोसण्याची ताकद मात्र उंचीप्रमाणं भलतीच बदललेली. कारण दिवसा सरडा जागा बदलून अंगाचं तापमान राखतो. डोंगरावरचे सरडे झाडं सोडून तापलेल्या खडकांवर बसतात. रात्री मात्र सगळीकडंच गार, पळून जायला जागा नाही. जिथं वागण्यातून पळवाट होती तिथं शरीर होतं तसंच राहिलं. जिथं पळवाट नव्हती तिथं शरीराला बदलावं लागलं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. खडकांवर राहायला लागलेल्या त्या डोंगरी सरड्यांची डोकी चपटी आणि मागचे पाय आखूड झालेले आढळले. खडकाच्या कपारीत शिरायला ते सोयीचं. जागा बदलण्याच्या एकाच सवयीनं तापमानाच्या बाबतीत उत्क्रांती अडवली आणि हाडांच्या बाबतीत तीच उत्क्रांती पुढं ढकलली. वर्गात सांगायचं असेल तर हेच सांगा, हुशारीचं सांगू नका.

ढकलण्याचं आणखी एक उदाहरण दुष्काळाचं आहे, म्हणून आपल्या माणसाला पटकन कळतं. गॅलापागोस बेटांतलं डॅफ्ने मेजर हे छोटं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं तिथं १९७३ पासून फिंच पक्षी मोजत होतं. १९७७ ला पाऊस पडला नाही. बारीक, मऊ बी संपलं. मग जमिनीवर चरणाऱ्या मध्यम चणीच्या फिंचनी सराट्याच्या फळांकडं मोर्चा वळवला. हो, सराटाच. आपल्या माळावर अनवाणी पोरांच्या पायात मोडतो त्या सराट्याच्याच कुळातलं झाड. ते टणक फळ जाड चोचीच्या पक्ष्यांना फुटायचं, बारीक चोचीच्यांना नाही. १०० पैकी सुमारे ८५ पक्षी मेले. उरलेल्यांची चोच सरासरीनं साधारण अर्धा मिलिमीटर जाड भरली आणि त्यांच्या पिल्लांचीही तशीच निघाली. एकाच दुष्काळात. पक्ष्यांनी आधी खाणं बदललं, म्हणून चोचीची परीक्षा झाली. सगळ्यांनी बारीक बी शोधतच जीव सोडला असता तर चोचीच्या जाडीला काही अर्थच उरला नसता. १९८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बी उदंड झालं आणि पुढच्या काही वर्षांत वारं उलटं फिरून लहान चोचीवाले सरस ठरले. आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. भाकरी बदलली की घरही बदलतं.

आता माझ्या विषयाकडं येतो, कारण हे सगळं मी पुस्तकाआधी कापसात बघितलं. त्यात माझी एक चूकही आहे.

एक अळी आहे. हरभऱ्यात तिला घाटेअळी म्हणतात, तुरीत शेंगा पोखरणारी अळी, कापसात अमेरिकन बोंडअळी आणि टोमॅटोत फळ पोखरणारी अळी. चार नावं, कीड एकच. पतंगाची मादी ज्या पिकाला फूल-कळी असेल तिथं अंडी घालते. जूनमध्ये काय पेरलं आणि ऑक्टोबरात काय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसरी आहे गुलाबी बोंडअळी. भेंडी-अंबाडीवर कधीमधी सापडते, पण आपल्याकडं तिचा संसार म्हणजे कापूस. अंड्यातून निघाली की काही वेळातच बोंडात शिरते आणि सरकीवर वाढते.

देशात बीटी कापसाला, म्हणजे ज्याच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं त्या वाणाला, परवानगी मिळाली २००२ साली, दोन जनुकांचं वाण आलं २००६ ला. बोंडअळी दिसेनाशी झाली. तुम्हाला कुणी विचारलं असतं, की या दोघींपैकी बीटीला आधी कोण पुरून उरेल, तर तुम्ही अर्थातच सगळं खाणाऱ्या, सगळीकडं पोचणाऱ्या घाटेअळीचं नाव घेतलं असतं. मीही घेतलं असतं. झालं उलटं. २०१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाल्याचं जाहीर झालं. पाच-सहा वर्षांत दोन जनुकांचं वाणही तिनं पचवलं. २०१७ चा हंगाम तर मराठवाड्यात आणि विदर्भात कुणी विसरणार नाही. वरून हिरवंगार झाड, बोंड फोडलं की आत किडलेली सरकी. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) बघून लोक विचारायचे, साहेब, बी बोगस होतं का?

घाटेअळीची मात्र बीटी कापसात तशी गत झाली नाही. का? ती सगळीकडं खाते म्हणूनच. बीटी कापसात विषाला टिकणारी एखादी अळी वाचून पतंग झाली, तरी तिला जोडीदार मिळतो तो बहुतेक वेळा शेजारच्या तुरीतून, हरभऱ्यातून, बांधावरच्या तणातून आलेला. त्यानं विष कधी चाखलेलंच नसतं. पोरं निपजतात ती मिश्र, आणि बीटीपुढं ती सहसा टिकत नाहीत. वेगवेगळं खाण्याच्या सवयीनं घाटेअळीचा बराचसा गोतावळा विषाबाहेर ठेवला आणि त्यामुळं तिची उत्क्रांती अडून राहिली. गुलाबीला बाहेर पडायला दारच नव्हतं. मैलोन्‌मैल बीटीच बीटी, खायचं तर तेच, नाहीतर मरा. ज्या थोड्या वाचल्या त्यांचंच एकमेकांत लग्न लागलं.

पण लवचिक असलं की सदाच उत्क्रांती थांबते, असंही नाही. याच घाटेअळीनं १९८७ च्या सुमारास आंध्रातल्या कापूस पट्ट्यात पायरेथ्रॉइड औषधांना भीक घातली नव्हती. तिथं फवारणी कापसावरच नव्हे, सगळ्याच पिकांवर सारखी चालू होती. आसऱ्याची जागाच उरली नाही, तेव्हा तिलाही शरीर बदलणं भाग पडलं. रात्री गारठणाऱ्या सरड्याचीच ही गोष्ट.

बीटीच्या पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याचं वेगळं १२० ग्रॅमचं पाकीट यायचं. शेताच्या कडेनं पेरायचं, म्हणजे गुलाबीला विषाबाहेरचे जोडीदार मिळत राहतील. किती जणांनी पेरलं? मी ज्या गावांत फिरलो तिथं हाताच्या बोटांवर मोजावे इतके. बरं, पेरणाऱ्याला काय दिसायचं? कडेच्या ओळी किडलेल्या आणि उत्पन्न कमी. शेजारी हसायचे. दोष शेतकऱ्यावर ढकलून आम्ही मोकळे झालो, पण खरं सांगायचं तर मी स्वतः २००९ ला एका सभेत छातीठोक सांगितलं होतं की बोंडअळी हा विषय आता मिटला. माझ्या तोंडचं ते वाक्य लोक अजून आठवण करून देतात. त्यात पुन्हा फरदड. पाण्याची सोय असली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभा, पऱ्हाट्या बांधाला रचलेल्या. गुलाबीची अळी सरकीत, पऱ्हाटीत महिनोन्‌महिने झोपून राहू शकते. तिची एवढीच काय ती लवचिकता, आणि आम्ही नेमकी तिच्याच सोयीची व्यवस्था केली. अमेरिकेनं हीच अळी आपल्या कापूस पट्ट्यातून हाकलली आणि २०१८ ला तसं जाहीर केलं. आधी आसऱ्याच्या ओळी, नंतर बीटी कापसासोबत नापीक केलेले पतंग सोडणं आणि पऱ्हाट्या वेळेवर गाडणं, असं सगळं करून.

इथं एक गोष्ट वेगळी काढून ठेवा, नाहीतर पोरं गोंधळतील. बोंडअळी "शिकली" असं आपण बोलीत म्हणतो. ती काही शिकलेली नाही. ज्यांच्या अंगात आधीच वेगळं जनुक होतं त्या उरल्या, बाकीच्या मेल्या. डुक्कर शिकलं, एकाच जन्मात. कधी कधी बाहेरून बघणाऱ्याला या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. जर्मन झुरळांचं बघा. गोड आमिषात विष घालून मारायला लागले आणि काही वर्षांत ग्लुकोज टाळणारी झुरळं निघाली. वाटावं, हुशार झाली. तपासल्यावर कळलं की त्यांच्या तोंडाजवळच्या ज्या पेशींना कडू कळतं त्यांना ग्लुकोजही कडू लागतं, आणि हे आई-बापाकडून येतं. स्वभाव बदलला खरा, पण तो पिढ्यांनी बदलला.

आणि एकाच जनुकसंचात दोन-दोन स्वभाव मावतात, याचा नमुना म्हणजे टोळ. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड उतरली तेव्हा आपल्याकडंही शेतकऱ्यांची झोप उडाली होती. वाळवंटी टोळ एरवी एकटा, लाजरा असतो. गर्दीत मागच्या पायांना सारखा स्पर्श होत राहिला की काही तासांत तो कळपाचा होतो, पुढं रंगही बदलतो. हे दोन वेगळे कीटक नसून एकाच कीटकाची दोन रूपं आहेत, हे बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये मांडलं. या पालटामागं सेरोटोनिन या मज्जासंस्थेतल्या रसायनाचा हात असल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला "पण". अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्क बाल्डविन यांनी १८९६ मध्ये हाच प्रश्न घेतला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं: नव्या परिस्थितीत जो प्राणी शिकून का होईना तग धरतो, तो वंश पुढं न्यायला उरतो. शिकलेलं स्वतः उतरत नाही. पण सगळा समाज ज्या नव्या पद्धतीनं जगायला लागतो, तिला सोयीचं असं जन्मजात काही निपजलं, तर ते आता टिकतं, पसरतं. आधी सवय येते, मागून रक्त येतं. त्यासाठी पिढ्या लागतात.

याचं घरचं उदाहरण दूध. लहानपणानंतर दुधातली साखर पचवण्याची ताकद बहुतेक सस्तन प्राण्यांत ओसरते, कित्येक माणसांतही. जिथं गुरं पाळून दूध पिण्याची रीत हजारो वर्षं चालली, तिथं मोठेपणीही ती साखर पचवणारं जनुक वाढत गेलं. युरोपात आणि उत्तर भारतात एकच बदल सापडतो. कंधारची लाल कंधारी किंवा उदगीरकडची देवणी जनुक बदलायला बांधलेली नव्हती, पण माणसानं गाय दावणीला बांधली आणि त्याच्या पोटावरचा दाब बदलला. यातही तोच खेळ आहे: दुधाचं दही-ताक केलं की साखर कमी होते, मग ते जनुक नसलेला माणूसही तांब्याभर ताक पिऊन मजेत राहतो. ताकाची रवी म्हणजे सरड्याची सावली. ही उपमा माझी आहे, परीक्षेत लिहायला सांगू नका.

वानरांवर फार लिहीत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यात लवूळला वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेल्याची बातमी जगभर गेली, वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. पेपरांत "सूड" हा शब्द चालला, आकडे तर शेकड्यांनी फुगले. माझं मत विचाराल तर सूड हा आपल्या डोक्यातला शब्द आहे. दुसऱ्याचं पिल्लू उचलून कवटाळणं वानरांत दिसतं. उंचावर त्या पिल्लाला ना दूध ना पाणी, ते मरणारच. त्यात हिशेब चुकता करण्याची गोष्ट मला दिसत नाही.

राहिला माळढोक. त्याला मठ्ठ म्हणणं मला पटत नाही. उघड्या माळावर, गवतात, एका वेळी बहुधा एकच अंडं घालून, सावकाश वाढवून हा पक्षी हजारो वर्षं जगला. लांडगा-कोल्ह्यांशी त्याचा हिशेब बरोबर बसलेला होता. धाराशिवच्या सीमेपलीकडं सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज देशात मोकळ्या माळावर दीडशेच्या आसपासच उरलेत असं धरतात, बहुतेक राजस्थानात. माळ नांगरले गेले, शिकार झाली, हे तर आहेच. पण विजेच्या तारांकडं बघा. माळढोक उडताना खाली जमीन न्याहाळतो, डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, अंगानं जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आपटला की संपला.

भोंगा आणि तार यांत फरक इथं आहे. भोंग्यापाशी डुकराची चूक स्वस्त होती: उगीच पळालो, एक रात्र उपाशी राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बघता आलं. तारेपाशी पहिली चूक तीच शेवटची. शिकायला चुकून वाचावं लागतं. आणि शिकणं जमत नसेल तर निवडीनं बदलायला भरपूर पिल्लं आणि भरपूर पिढ्या लागतात, जशा बोंडअळीकडं होत्या. माळढोकाकडं दोन्ही नव्हतं.

उलट, हुशारीचा मानबिंदू असलेला आपला कावळा बघा. बुजगावण्याला फसत नाही, पण कोकिळेची पिल्लं दरवर्षी मुकाट वाढवतो. लवचिकता सगळ्या बाबतींत सारखी नसते. जिथं गरज पडली आणि जिथं चूक परवडली, तिथं ती दिसते.

"हुशार टिकतो" याची दुसरी बाजूही वर्गात सांगा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात सगळ्यांत जास्त कुत्री निघाली, एकूण खाण्यात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के. जंगल नसताना उसात राहून, कुत्र्यांवर जगणारा प्राणी याहून लवचिक काय असेल? पण त्याच लवचिकतेनं तो वस्तीच्या दाराशी आला, आणि पिंजऱ्यातही तोच जातो.

आता तुमची डुकरं. पेरणीपासून भोंगा वाजवू नका. कणसात दूध भरायच्या वेळी, ते पंधरा-वीस दिवसच लावा, रोज जागा आणि आवाज बदला, आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री भोंग्यासोबत खरोखर माणूस, कुत्रा, बॅटरी घेऊन शेतात उतरा. नुसत्या आवाजाला जनावर सरावतं, आवाजामागं कधी तरी माणूस येतो हे कळलं की सरावायला वेळ लागतो. साड्यांचं कुंपण दर आठवड्याला सरकवा. मका निघाला की सगळं काढून घरात ठेवा, पुढच्या वर्षी ते त्यांना नवं वाटलं पाहिजे. आणि घरच्या लाइटची तार कुंपणाला जोडू नका. तो गुन्हा आहे, आणि रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस त्यात पहिला सापडतो.